कामाचा कुत्रा, पण काम कोणाचं?

पर्वरीहून एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. थोडक्यात असं: त्या आणि त्यांचे यजमान दोघंही नोकरीला. सकाळी साडेआठला घर सोडायचं, संध्याकाळी साडेसहाला परत. तिसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट, घरात १० वर्षांचा मुलगा आणि ७१ वर्षांच्या सासूबाई. इंग्लंडमधल्या चुलत दिराकडे वर्किंग कॉकर स्पॅनियल, म्हणजे शिकारीच्या कामाच्या घराण्यातला कुत्रा, आहे. त्याचे व्हिडिओ बघून मुलगा वर्षभर मागे लागलाय. आता बेळगावच्या एका विक्रेत्याची जाहिरात दिसली: 'ओरिजिनल वर्किंग लाइन, पेपर्ससकट', पिल्लं ३५ दिवसांची, किंमत ४५ हजार. रविवारपर्यंत टोकन द्या, नाहीतर जातील, असं तो म्हणतो. यजमानांचं मत असं की जात लहान आहे, फ्लॅटमध्ये मावेल. सासूबाई घरीच असतात, त्यामुळे एकटा पडणार नाही. आणि दर रविवारी साखळीजवळच्या घरच्या कुळागरात (पोफळी-माडांच्या बागेत) मोकळा सोडू. शेवटी प्रश्न: "नर घ्यावा की मादी? काळा की सोनेरी? आणि पाच पिल्लांतून शांत पिल्लू ओळखायचं कसं?"

नमस्कार.

तुमच्या तीन प्रश्नांची उत्तरं आधीच देऊन टाकते. नर की मादी, याने तुम्हाला वाटतो तेवढा फरक पडत नाही. मादी वर्षातून साधारण दोनदा माजावर येते, आणि वाड्यावरची एखादी कुत्री माजावर आली की नर जेवण सोडतो. दोन्हींवर पशुवैद्याकडे उपाय आहे. रंग मुलाला विचारा. राहिलं शांत पिल्लू. तर वर्किंग कॉकरमध्ये शांत पिल्लू शोधणं म्हणजे लवंगी मिरचीच्या रोपाला ढोबळी लागायची वाट बघणं. पाचांतलं सगळ्यात गरीब दिसणारं पिल्लूसुद्धा सहाव्या महिन्यात तुमच्या दिवाणाखाली काय काय ठेवलंय ते बघून आलेलं असेल.

का, ते सांगते. कॉकर हे नाव वुडकॉक नावाच्या पक्ष्यावरून पडलं. दाट झुडपात दडलेला पक्षी नाकाने हुडकायचा, उठवायचा आणि गोळी लागून पडला की दात न लावता तोंडात धरून आणून द्यायचा, हे याचं काम. पुढे ब्रिटनमध्ये एकाच जातीच्या दोन वाटा झाल्या. प्रदर्शनात मिरवणाऱ्या कॉकरचे कान लांब, केस भरघोस, डोकं गोलसर. शिकारीवर जाणाऱ्याचे कान जरा आखूड, केस कमी, अंग सडपातळ, आणि बूड म्हणून टेकायचं नाही. वजन म्हणाल तर दोघांचंही बारा-पंधरा किलोच्या आसपास. म्हणजे यजमान म्हणतात ते खरं, फ्लॅटमध्ये तो मावेल. पण तो मावतो की नाही हा प्रश्नच नाही.

कागदांचं बघू. दोन्ही वाटांचे कुत्रे कागदावर एकच, 'इंग्लिश कॉकर स्पॅनियल'. जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणारा केनेल क्लब 'वर्किंग' असा वेगळा शिक्का मारत नाही. खरं घराणं कळतं ते वंशावळीवरून: आई-वडील, आजी-आजोबा, पणजोबा यांच्या नावांमागे 'फील्ड ट्रायल चॅम्पियन' (शिकारीच्या कामाच्या स्पर्धेतला विजेता) लिहिलेलं असेल तर ते कामाचं घराणं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, त्यामुळे हा कुत्रा त्याच्या मूळ कामावर जोखून घ्यायची सोय इथे उरलेली नाही. व्यापारी पैदाशीसाठी परदेशातून कुत्री आणण्यावरही केंद्र सरकारने २०१६ साली निर्बंध घातले. तेव्हा वंशावळीत तशी नावं नसतील, तर जाहिरातीतला 'वर्किंग' हा नुसता विक्रीचा शब्द समजा. गंमत बघा, विक्रेता खोटं बोलत असेल तर ते तुमच्या पथ्यावर पडणारं आहे. प्रदर्शनी घराण्यातला कॉकर तुमच्या घराला जास्त झेपेल.

मला जाहिरातीत सगळ्यात खटकलं ते वय. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांबद्दलच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही, आणि पैदास करणाऱ्याची राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते. ३५ दिवस म्हणजे पाच आठवडे. पाच ते आठ या तीन आठवड्यांत पिल्लू भावंडांशी मस्ती करताना एक गोष्ट शिकतं: जोरात चावलं की समोरचा ओरडतो आणि खेळ थांबतो. तो धडा भावंडांकडे झाला नाही, तर तुमच्या मुलाच्या मनगटावर होतो. आणि रविवारपर्यंतचं टोकन! चांगला पैदासकार घाई करत नाही, उलट तोच तुमची उलटतपासणी घेतो. दिवसा घरी कोण असतं, आधी कुत्रा पाळला होता का, गॅलरीला जाळी आहे का. या माणसाने तुम्हाला एकही प्रश्न विचारल्याचं पत्रात नाही.

पिल्लू निवडायचं म्हणजे खरं तर आई-बाप निवडायचे. आईला समक्ष भेटा, व्हिडिओवर नव्हे. ती अनोळखी माणसाजवळ येते का, पिल्लांजवळ गेलात तर किती ताणते, हे बघा. मग दोघांचे जनुकीय चाचणीचे अहवाल मागा. कॉकरमध्ये निदान तीन आजारांची चौकशी करायलाच हवी. एक डोळ्यांचा: आधी रात्रीचं दिसणं कमी होतं आणि हळूहळू कुत्रा आंधळा होतो. दुसरा मूत्रपिंडाचा, वर्ष-दोन वर्षांच्या कोवळ्या वयात जीव घेणारा. तिसरा विचित्र आहे, त्यात पंजांची वेदना कळेनाशी होते आणि पिल्लू स्वतःचेच पंजे कुरतडत बसतं. हा कामाच्या घराण्यांतही सापडतो. तिन्हींची रीत एकच: दोष आईकडून आणि बापाकडून, दोघांकडूनही आला तरच आजार होतो. एकाकडूनच आला तर पिल्लू नुसतं वाहक, स्वतः ठणठणीत. पण दोन वाहकांची जोडी लावली तर प्रत्येक पिल्लाला चारात एक असा धोका. म्हणून 'आई-बाप दोघं एकदम फिट आहेत' या वाक्याला काडीची किंमत नाही, वाहकही फिटच दिसतात. केनेल क्लबचं सर्टिफिकेट हा जन्माचा दाखला आहे, तब्येतीचा नव्हे.

आता सोमवार मांडू. आठ आठवड्यांचं पिल्लू दिवसातून चारदा जेवतं. झोपून उठलं की, जेवलं की, खेळलं की लगेच शू. जागं असताना दर तासा-दोन तासाला त्याला उचलून ठरलेल्या जागी न्यायचं, आणि हे काही आठवडे. साडेआठ ते साडेसहा हे कोण करणार?

तुमच्या पत्रात सासूबाई तीनदा आल्यात. त्यांचं एकही वाक्य मात्र पत्रात नाही.

रागावू नका, पण मला वाटतं तुमच्या सगळ्या योजनेचा खांब तोच आहे आणि त्यालाच कोणी विचारलेलं नाही. 'त्या घरीच असतात' म्हणजे त्या मोकळ्या असतात असं नव्हे. त्यांचा देव, दुपारची झोप, मालिका, शेजारणीशी गप्पा, गुडघे. कदाचित त्यांना कुत्रा आवडत असेल. माझ्या आजीचा तर सोवळ्यात असताना अंगणातल्या सुण्याशी, म्हणजे कुत्र्याशी, संवाद चालायचा, फक्त दोन हात अंतरावरून. पण वर्षाचा, तेरा किलोचा कॉकर दोरीला असताना समोरून मांजर गेलं, तर ७१ वर्षांच्या बाईचा हात आणि जून महिन्यातला ओला जिना यांचं काय होईल, ते तुम्ही डोळ्यांसमोर आणा. त्यांच्याशी बोला, मुलाला बाजूला पाठवून. 'आई, तुम्हाला चालेल ना?' असं नका विचारू, त्याला त्या होच म्हणतील. 'आई, दुपारी बारा ते चार याचं काय करायचं?' असं विचारा.

दुसरी गोष्ट कुळागराची. सहा दिवस कोंडून सातव्या दिवशी सुटला की कुत्रा शांत होत नाही, पुढचे सहा दिवस तो सातव्याची वाट बघतो. शिवाय सुट्या कॉकरला पोफळीखालचा पाचोळा म्हणजे उघडी तिजोरी. नाक जमिनीला लावून तो जिथे घुसेल तिथेच एखादा विषारी साप बसलेला असू शकतो, आणि दंश होतो तो नाका-तोंडावर. काजऱ्याच्या बिया विषारी, काजूच्या टरफलाचा चीक तोंड भाजणारा. पाऊस संपला की सड्यावरच्या गवताची कुसळं कानात आणि बोटांच्या बेचक्यात घुसतात. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आपल्याला दिसतं म्हणतात, पण कॉकरच्या कानातलं चटकन दिसत नाही, तो मान तिरकी करून चालायला लागला की कळतं. आणि कुळागरात मोर असणारच. तो उठवायला हा धावेल, कारण त्याचा जन्मच त्यासाठी आहे, आणि तुम्ही त्याला थांबवू शकला नाहीत तर गुन्हा तुमचा. कुळागरात न्या, जरूर न्या, पण लांब दोरी लावून, आणि शिटीला परत यायला शिकवल्यावर. (घरातले कोणी काका 'डुकराच्या मागावर नेऊ' म्हणाले तर चहा देऊन विषय बदला. कायदा राहू दे, रानडुक्कर कॉकरला उभा फाडेल.)

मग या कुत्र्याला लागतं तरी काय? मोठा झाला की दिवसाला दोन तासांच्या आसपास व्यायाम, तो सकाळ-संध्याकाळ वाटून, आणि गोव्याच्या उन्हात सातच्या आधी नाहीतर दिवस मावळल्यावर. पिल्लाला एवढं चालवायचं नाही, सांधे कोवळे असतात. पण नुसतं चालवून हा दमत नाही, उलट रोज जास्त पळवलंत तर रोज जास्त पळणारा कुत्रा तयार होतो. चेंडू फेकत राहणं हा त्यातला सर्वांत आळशी उपाय. याला दमवायचं ते नाकाने.

आमच्या फोंड्याच्या घरी कॉकर होता, प्रदर्शनी घराण्यातला, म्हणजे तुम्हाला हवाय त्यापेक्षा बराच सौम्य. त्याचा संध्याकाळचा खेळ असा: खोबरं काढलेल्या पाच करवंट्या व्हरांड्यात पालथ्या घालायच्या, एकीखाली उकडलेल्या कोंबडीच्या काळजाचा नखाएवढा तुकडा. (सुकी मासळी नको, मीठ फार असतं.) पहिल्या दिवशी त्याने पाचही पंजाने उडवल्या. आठवड्याने तो प्रत्येकीवरून नाक फिरवायचा, श्वासाचा फसफस आवाज यायचा, मग एकीपाशी येऊन शेपटीचा वेग बदलायचा. तुकडा सापडायच्या आधी ती शेपटीच सांगायची. पुढे करवंट्या घरभर लपवल्या, मग तुकड्याऐवजी जुन्या मोज्याची गुंडाळी. आधी 'बस', मग 'शोध', मग आणून हातात द्यायची. वीस मिनिटांत तो जो पसरायचा तो जेवणाच्या वेळेलाच उठायचा. कामाच्या घराण्यातल्या कॉकरला हे रोज दोनदा लागेल, आणि रोज थोडं अवघड करत न्यावं लागेल. वीस मिनिटं फार नाहीत. पण जुलैतल्या एखाद्या मंगळवारी, ऑफिसातून भिजून आल्यावर, वीज गेलेली असताना, ही वीस मिनिटं कोण देणार? १० वर्षांचा मुलगा पहिले दोन महिने देईल. त्यात त्याचा दोष नाही, वयच तसं आहे.

त्याच कुत्र्याने मला पावसाळाही शिकवला. त्याच्या दुसऱ्या जुलैत आठवडाभर ऊन नव्हतं. तो डोकं झटकत होता, कान दाराच्या चौकटीला घासत होता, आणि मी म्हणत होते, माशी बसली असेल. चौथ्या दिवशी कान उलटून बघितला. आतली कातडी लालबुंद, त्यावर तपकिरी मेणचट थर, आणि आंबलेल्या पिठासारखा वास. लोंबता कान म्हणजे झाकण घातलेला ओला डबा, त्यात बुरशी वाढणारच. तीन आठवडे दिवसातून दोनदा औषध घालताना तो ज्या नजरेने माझ्याकडे बघायचा, ती अजून आठवते. तेव्हापासून दाराशी जुने पंचे. बाहेरून आला की आधी कान, मग पंजे, मग पोट. कानात बड खुपसायचा नाही, डॉक्टरांनी दिलेल्या द्रावणाने धुवायचं आणि आठवड्यातून दोनदा नाकाने तपासायचं, आपल्या. गोचिडांसाठी पशुवैद्य सांगतील ती गोळी वर्षभर, कारण आपल्याकडे गोचीड-तापाने धडधाकट कुत्री जातात. खाणं सोडून सुस्त पडला तर उद्यावर ढकलायचं नाही. लसींमध्ये रेबीजबरोबर लेप्टोची आहे ना ते विचारून घ्या. उंदरांचं मूत मिसळलेलं डबकं पर्वरीतही असतं.

म्हणूनच आणायचंच ठरलं तर जूनमध्ये आणू नका. चवथीनंतरही नको, दिवाळी तोंडावर असते. नरकासुराच्या रात्रीचे ते स्पीकर आणि पहाटेचे फटाके नव्या पिल्लाला जन्मभराची भीती लावू शकतात. दिवाळी उरकली की आणा, पुढे चार महिने कोरडे आणि बरे मिळतात. साधारण चौदा आठवड्यांपर्यंत पिल्लाचं मन उघडं असतं, त्या काळात जे सहज भेटेल त्याची पुढे भीती राहत नाही. लसी पूर्ण झालेल्या नसतात तेव्हा खाली सोडायचं नाही, पण कडेवर घेऊन फिरवता येतं. पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा, बस, रेनकोटातला माणूस, देवळातली घंटा, सगळं दुरून आणि हातात खाऊ ठेवून. पुढे मोठा झाल्यावर किनाऱ्यावर न्याल तेव्हा मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे कासवांच्या हंगामात तो दोरीलाच हवा. अंडी हुंगून उकरणं हे या नाकाला सहज जमेल.

आणि त्या पाच पिल्लांपुढे कधी बसलातच, तर दोन तास बसा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. धावत येऊन बुटाची नाडी ओढणारं पिल्लू सगळ्यांना आवडतं. ते अनुभवी घरासाठी ठेवा. कोपऱ्यातलं, न उठणारं, दया येणारं पिल्लूही नको. स्टीलचं झाकण थोडं लांब पाडा. दचकणं ठीक, पण दचकून दहा सेकंदांत 'काय पडलं' म्हणून हुंगायला येणारं पिल्लू बघा. कागदाचा बोळा टाकला तर उचलून माणसाकडे येतं का, बघा. एवढ्यावरून मोठेपणीचा स्वभाव वर्तवता येत नाही, पण डोळे चिकट, पोट टरारलेलं, कानाला वास असलं काही तरी नजरेतून सुटणार नाही.

तुमच्यापुढे मला तीन वाटा दिसतात. बेळगावचं पिल्लू ही त्यातली नाही. पहिली, वर्षभर थांबून, आई-बापांचे अहवाल असलेला प्रदर्शनी घराण्यातला कॉकर, आणि दुपारसाठी पगारी माणूस. दुसरी, कोणीतरी 'झेपत नाही' म्हणून सोडलेला दोन-तीन वर्षांचा कॉकर. असे मिळतात, आणि त्याचा स्वभाव निदान समोर दिसतो. तिसरी मला स्वतःला आवडणारी: एखाद्या प्राणी-निवाऱ्यातलं मोठं, गावठी, घरात रुळलेलं कुत्रं. आपल्या हवेला ते सरावलेलं असतं, कान बहुतेकदा उभे, आणि संध्याकाळी सासूबाईंच्या पायाशी पडून राहण्यात त्याला कमीपणा वाटत नाही. मुलाला व्हिडिओतला कॉकर हवाय हे खरं, पण करवंट्यांचा खेळ गावठी कुत्रंही तितक्याच हुशारीने खेळतं.

काहीही ठरवण्याआधी पंधरा दिवस कुत्र्याशिवाय कुत्रा पाळून बघा. सकाळी पावणेसहाला घरातल्या एकाने उठून पाऊण तास चालून यायचं, पाऊस असला तरी. दुपारी एकदा कोणीतरी तिसऱ्या मजल्यावरून खाली-वर. रात्री जेवणाआधी वीस मिनिटं मोजे लपवायचे आणि शोधायचे. कोण किती दिवस आलं ते मुलाला कॅलेंडरवर लिहायला लावा.

आणि विक्रेत्याला आजच फोन करून आईला बघायची वेळ, आई-बापांचे अहवाल आणि नोंदणीचा क्रमांक मागा. बहुतेक तो फोन लवकर संपेल.

सासूबाई काय म्हणाल्या ते मला जरूर कळवा. त्या 'नको' म्हणाल्या, तर पुढचं पत्र मुलाकडून लिहून घ्या. त्याला मी वेगळं उत्तर देईन.